तात्या विंचूला आपण एवढं का घाबरायचो? लहानपणीच्या पडद्यावरच्या भीतीचं विश्लेषण

कोल्हापुरात पंचविशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, ‘लहानपणी टीव्हीवर कशाला घाबरायचास?’ उत्तर यायला वेळ लागत नाही. बहुतेक वेळा पहिलं नाव येतं तात्या विंचूचं. मग ‘आहट’, ‘झी हॉरर शो’, ‘श्श्श... कोई है’. विचारलेला माणूस थोडा मोठा असेल तर रामसे बंधूंचा सामरी, त्याहून मोठा असेल तर ‘हा खेळ सावल्यांचा’. सध्या कॉलेजात असलेली पोरं ‘रात्रीस खेळ चाले’चं नाव घेतात. ‘लई भ्या वाटायचं’ म्हणतात आणि हसतात. गंमत म्हणजे यातल्या बहुतेकांना गोष्ट आठवत नाही. आठवतो तो एखादा आवाज, एखादा चेहरा आणि त्या वेळी आपण घरात कुठे, कुणाला चिकटून बसलो होतो ते.

हा विषय आज पुन्हा काढायचं कारण घराघरांत चालू असलेला एक वाद. मूल मोबाइलवर भुताचे व्हिडिओ बघतं आणि रात्री बाथरूमलाही एकटं जात नाही. आई काळजीत पडते. बाबा मात्र सहज म्हणून जातात, ‘आम्हीपण बघितलंय की हे सगळं. आम्हाला काय झालं?’ हा युक्तिवाद इतका सर्रास केला जातो की तो एकदा नीट तपासून बघायला हवा. त्यासाठी आधी त्या भीतीचं यंत्रच उघडून बघावं लागेल.

कोल्हापूरच्या ‘सैरंध्री’नं प्रेक्षकांचं काय केलं होतं?

पडद्यावर बघून घाबरणं टीव्हीपेक्षा बरंच जुनं आहे, आणि त्याची एक गाजलेली हकिकत थेट कोल्हापूरची आहे. बाबूराव पेंटर यांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. चित्रीकरणाचा कॅमेरासुद्धा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच खटपट करून तयार केला. १९२० मध्ये कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट आला. त्यात भीमानं केलेल्या कीचकवधाचा प्रसंग होता. तो इतका खरा वाटला की थिएटरात बायका बेशुद्ध पडल्या आणि शेवटी तो प्रसंग कापावा लागला, असं चित्रपटाच्या इतिहासात सांगितलं जातं. याच चित्रपटानंतर लोकमान्य टिळकांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. कीचक हा विषयच तेव्हा नाजूक होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकात सरकारला लॉर्ड कर्झन दिसला होता आणि १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी आली होती.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं यातला महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. हा मूकपट होता. चित्रपटातून किंकाळी येत नव्हती, दचकवणारं संगीत नव्हतं, रंग नव्हते. शिवाय गोष्ट सगळ्यांना पाठ होती. भीम कीचकाला मारणार हे कीर्तन ऐकलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरीही मोठी माणसं हादरली, कारण हलत्या चित्रांची सवय तेव्हा कुणालाच नव्हती. पडद्यावर दिसतं ते घडवलेलं असतं, हे समजणं एक गोष्ट आणि ते अंगवळणी पडणं दुसरी. १९२० चा तो प्रेक्षक वयानं मोठा होता, पण सिनेमा बघण्याच्या बाबतीत आजच्या चार-पाच वर्षांच्या मुलासारखाच होता.

भूत घरात कसं शिरलं?

‘हा खेळ सावल्यांचा’ १९७६ चा. तो थिएटरात जाऊन बघायचा सिनेमा होता. रामसे बंधूंचे चित्रपटही थिएटरातलेच, आणि त्यांची सुरुवात मोठी मजेशीर आहे. त्यांचे वडील एफ. यू. रामसे यांचं फाळणीआधी कराचीत रेडिओचं दुकान होतं. मुंबईत आल्यावर ते चित्रपटात उतरले. १९७० चा त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ चालला नाही. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात असा एक प्रसंग होता आणि लोक तेवढ्यासाठी तिकीट काढतात हे भावांच्या ध्यानात आलं. मग अख्खा सिनेमाच तसा का नको, या हिशेबानं १९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ आला. त्याचं चित्रीकरण आपल्या महाबळेश्वरात झालं होतं. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’नं सामरी नावाचा राक्षस देशभर पोचवला. तो साकारणारे उंचपुरे अनिरुद्ध अग्रवाल रुरकीत शिकलेले इंजिनीअर. (आमच्या डिग्रीचा उपयोग काय, असं विचारणाऱ्या नातेवाइकांना मी हे उदाहरण आवर्जून देतो.)

थिएटरच्या भुताला एक दार असतं. तिकीट काढावं लागतं, दारावरचा माणूस लहान मुलाला आत सोडत नाही आणि सिनेमा संपला की आपण उजेडात, रस्त्यावर, माणसांत येतो. व्हिडिओ कॅसेटनं हे दार थोडं किलकिलं केलं आणि केबलनं ते सताड उघडलं. झी टीव्ही ऑक्टोबर १९९२ मध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी रामसेंचा ‘झी हॉरर शो’ आला. १९९५ मध्ये सोनीवर बी. पी. सिंग यांची ‘आहट’ आली. हेच सिंग पुढे ‘सीआयडी’ घेऊन आले. २००१ मध्ये स्टार प्लसवर ‘श्श्श... कोई है’ सुरू झाली. माझी पिढी ही या शेवटच्या मालिकेची आणि ‘आहट’च्या पुढच्या पर्वांची.

त्याआधी भीती नव्हती असं नाही. १९८५ च्या सुमारास दूरदर्शनवर ‘विक्रम और बेताल’ लागायची. पाठीवर बसून केसांची झुलपं उडवत बोलणाऱ्या वेताळाला घाबरलेली मंडळी आज पन्नाशीकडे झुकली आहेत. कोल्हापूरसाठी तर हा विनोदच. ज्या गावात वेताळमाळ तालीम आहे, तिचा फुटबॉल संघ मैदानात उतरला की गल्ली गोळा होते, त्या गावातली पोरं टीव्हीवरच्या वेताळाला बघून पांघरुणात शिरत होती. गावचा वेताळ राखणदार, टीव्हीवरचा मात्र पाठ सोडत नाही असा.

केबल आली आणि भुताला ठरलेली वेळ मिळाली, ठरलेली जागा मिळाली. जागा म्हणजे घरातली एकमेव मोठी खोली. तिथेच टीव्ही, तिथेच जेवण, तिथेच अंथरुणं. मालिका संपली की त्याच टीव्हीच्या काळ्या काचेसमोर झोपायचं. त्यात २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रात भारनियमनाची. ऐन प्रसंगात वीज गेली की उरलेला भाग डोक्यात आपोआप सुरू व्हायचा, आणि आपल्या डोक्यातलं भूत हे कुठल्याही निर्मात्याच्या बजेटपेक्षा भारी असतं.

तात्या विंचू विनोदी होता, मग भीती का वाटायची?

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ चा. हॉलीवूडच्या १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून कल्पना घेतलेली, पण सगळा मसाला मराठी. मरायला टेकलेला गुंड मंत्राच्या जोरावर आपला आत्मा बाहुल्यात घालतो आणि तो बाहुला लक्ष्याच्या घरी येतो. गुंड तात्या विंचूची भूमिका आणि आवाज दिलीप प्रभावळकरांचा, तर बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा. लक्ष्मीकांत बेर्डे असल्यामुळे सिनेमाभर हशा. घरात सगळे एकत्र बसून बघत. तरीही अनेक मुलांनी त्यानंतर घरातल्या बाहुल्या कपाटात कोंडून ठेवल्या.

याचं एक उत्तर मासाहिरो मोरी या जपानी रोबोटतज्ज्ञानं १९७० मध्ये दिलं. यंत्र माणसासारखं दिसू लागतं तसतसं ते आपल्याला आवडू लागतं, असं मोरींचं निरीक्षण. पण एका टप्प्यावर, म्हणजे जवळपास माणूस, तरी पुरता माणूस नाही अशा ठिकाणी, आवड एकदम कोसळते आणि किळस किंवा भीती वाटू लागते. आलेखात तिथे खोल दरी दिसते. मोरींच्या मते, ती वस्तू हलू लागली तर दरी आणखी खोल होते. शोकेसमधला बाहुला ठीक, पण तोच ओठ हलवून बोलायला लागला आणि डोळे मात्र काचेचेच राहिले की मेंदूला त्याला कुठल्या खणात ठेवायचं ते कळत नाही. जिवंत की निर्जीव? तात्या विंचू बरोबर त्या दरीत उभा होता.

विनोदानं भीती कमी झाली का? माझ्या मते उलटं झालं. मुलाला ‘भुताचा सिनेमा आहे’ म्हटलं की ते तयारीत बसतं, उशी हातात घेतं. ‘झपाटलेला’ बघताना ते हसत, मोकळं बसलेलं असतं, आणि त्या मोकळेपणात बाहुला मान वळवतो. हॉस्टेलवर आम्ही दहा-बारा जणांनी हा सिनेमा पुन्हा लावला होता. सगळे संवाद पाठ, सगळे खिदळत होते. पण बाहुला पहिल्यांदा हलला तेव्हा खोलीत दोन सेकंद कुणी बोललं नाही.

चित्र महत्त्वाचं की आवाज?

आवाज. यात मला फारशी शंका नाही. ‘आहट’ या नावाचा अर्थच चाहूल. दार करकरणं, पावलं, कुत्र्याचं रडणं, मग अचानक शांतता. त्या काळच्या मालिकांतले मेकअप आज बघितले तर हसू येतं. रबराचे मुखवटे, लाल बल्ब, फटाक्याचा धूर. पण शीर्षकसंगीत कानावर पडलं तर आजही मान आपोआप वळते.

दचकणं ही विचार करून होणारी क्रियाच नाही. मोठा, अनपेक्षित आवाज कानावर पडला की सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत डोळे मिटतात, मान आखडते. ‘हे खोटं आहे’ असा विचार मेंदूच्या वरच्या थरात तयार होईपर्यंत शरीर मोकळं झालेलं असतं. जोसेफ लडू या मेंदूतज्ज्ञानं हेच दोन रस्त्यांच्या रूपात मांडलं. धोक्याची खबर एका आखूड रस्त्यानं थेट अमिग्डाला या भागाकडे जाते, आणि दुसऱ्या लांब रस्त्यानं, नीट तपासणी होऊन, मागाहून पोचते. भयपटाचा धंदा या दोन वेळांमधल्या फटीवर चालतो.

कॅलिफोर्नियातल्या प्राणिशास्त्रज्ञ डॅनियल ब्लूमस्टीन यांचं काम तर भलतंच रंजक आहे. ते मार्मोट नावाच्या, खारीच्या कुळातल्या पण अंगानं चांगल्या मोठ्या प्राण्यांवर संशोधन करत होते. पकडलेली पिल्लं घाबरून ओरडतात तेव्हा त्यांचा आवाज फाटतो, खरखरीत होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. गळ्यातून झेपेल त्यापेक्षा जास्त जोर लावला की स्वर स्वच्छ राहत नाही. मग त्यांनी सहकाऱ्यांसह १०२ चित्रपटांचे आवाज तपासले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात भयपटांमध्ये असेच फाटलेले, खरखरीत आवाज जास्त आढळले. म्हणजे पार्श्वसंगीत करणारी माणसं, कळत असो वा नकळत, संकटात सापडलेल्या पिल्लाच्या आवाजाची नक्कल करत होती.

इथे माझ्यातला इंजिनीअर एक पुस्ती जोडतो. हा माझा अंदाज आहे, संशोधन नव्हे. आपल्या जुन्या डब्यासारख्या टीव्हीचा स्पीकर लहान, तोही बहुधा एकच. त्याच्या कुवतीपेक्षा मोठा आवाज सोडला की लहरींचे शेंडे छाटले जातात आणि मूळ आवाजात नसलेली खरखर तयार होते. मोठ्या थिएटरात जी किंकाळी स्वच्छ ऐकू आली असती, ती आपल्या घरात फाटून यायची. म्हणजे स्वस्त स्पीकरनं ‘झी हॉरर शो’ फुकटात आणखी भयानक करून दिला.

कोणत्या वयात कशाची भीती वाटते?

या प्रश्नावर सगळ्यात चिकाटीनं काम केलं ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोआन कँटर यांनी. त्यांचे निष्कर्ष पालकांना उपयोगी पडतील असे आहेत, कारण मुलाला कशाची भीती वाटेल याचा आपला अंदाज बऱ्याचदा चुकतो.

साधारण सात-आठ वर्षांपर्यंतची मुलं दिसण्याला घाबरतात. दात, डोळे, नखं, रूप बदलणं. ‘द इन्क्रेडिबल हल्क’ ही मालिका अमेरिकेत लागायची, तेव्हा शाळेच्याही आधीच्या वयाची मुलं तिला फार घाबरायची. मोठ्यांना कळेना, कारण हल्क चांगल्यांचा कैवारी. अभ्यासात दिसलं की मुलांची भीती वाढायची ती साधा माणूस हिरव्या राक्षसात बदलतो त्या क्षणाला. तो चांगला आहे हे डोक्यानं कळायला ती मुलं लहान होती. आपल्याकडे ‘शक्तिमान’ बघताना कितीतरी मुलं तमराज किल्विश आला की उठून स्वयंपाकघरात जायची. शेवटी शक्तिमान जिंकणार हे माहीत असूनही.

मोठ्या मुलांचं उलट असतं. त्यांना मुखवट्याचं हसू येतं, पण ‘हे खरंच होऊ शकतं’ असं काही दिसलं की त्यांची झोप उडते. १९८३ मध्ये अमेरिकेत अणुयुद्धावरचा ‘द डे आफ्टर’ हा टीव्हीपट दाखवला गेला. त्यानंतर घरोघर फोन करून केलेल्या पाहणीत लहान मुलं सगळ्यात कमी हादरलेली आढळली आणि त्यांचे आईबाप सगळ्यात जास्त. कारण पडद्यावर राक्षस नव्हता. होती ती शक्यता, आणि शक्यता समजायला वय लागतं.

म्हणूनच ‘यात तर काहीच भीतिदायक नाही’ किंवा ‘एवढं भयानक बघून तो हसतोय’ ही दोन्ही वाक्यं मोठ्यांनी जरा जपून वापरावीत.

मग ‘आम्हाला काय झालं?’ याचं उत्तर काय?

बऱ्याच जणांना खरंच काही झालं नाही. पण सगळ्यांना नाही. १९९९ मध्ये क्रिस्टन हॅरिसन आणि कँटर यांनी १५३ कॉलेज विद्यार्थ्यांना लहानपणीच्या अशा अनुभवांबद्दल विचारलं. ९० टक्के विद्यार्थ्यांना एखादा सिनेमा किंवा कार्यक्रम बघून घाबरल्याचं आठवत होतं. निम्म्याहून थोड्या जास्त जणांच्या झोपेवर किंवा खाण्यावर तेव्हा परिणाम झाला होता. आणि सुमारे २६ टक्के, म्हणजे चारातल्या एकाला, ती अस्वस्थता अजूनही जाणवत होती. ही अमेरिकी विद्यार्थ्यांची संख्या, तीही आठवणींवर आधारलेली. ती जशीच्या तशी कोल्हापूरला लावता येणार नाही. तरी चारातला एक हा आकडा ‘काय झालं?’ म्हणणाऱ्या बाबांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. मित्रांच्या टोळक्यात विचारून बघा. अंधाऱ्या जिन्यातून दोन-दोन पायऱ्या गाळत वर जाणारा तिशीचा माणूस निघतोच.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची. आपण जे बघत होतो आणि आजची मुलं जे बघतात, त्यात भुतापेक्षा बघण्याची पद्धत जास्त बदलली आहे. तेव्हा टीव्ही एक होता, तो मोठ्यांच्या ताब्यात होता आणि भोवती चार माणसं होती. आजी मध्येच ‘बंद करा ते मेलं’ म्हणायची. काका मुद्दाम ‘भ्यॉ’ करायचा आणि त्याला शिव्या बसायच्या. जाहिरात लागली की कुणीतरी पाणी प्यायला उठायचं, ट्यूब लागायची, भीती जरा ओसरायची. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हाही साडेदहाला घरातले सगळे एकत्र बसायचे. आता कानात इअरफोन, हातभर अंतरावर पडदा आणि पांघरुणाच्या आत मूल एकटं. फाटका आवाज खोलीतून येत नाही, थेट डोक्याच्या मध्यभागी वाजतो. जाहिरात आली तर ‘स्किप’ करता येते आणि एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो.

‘खरी घटना’ म्हटलं की काय बदलतं?

३१ ऑक्टोबर १९९२ च्या रात्री बीबीसीनं ‘घोस्टवॉच’ नावाचा कार्यक्रम दाखवला. लंडनमधल्या एका झपाटलेल्या घरातून थेट प्रक्षेपण चालू आहे, असा त्याचा थाट. सूत्रसंचालक मायकेल पार्किन्सन, म्हणजे लोकांच्या ओळखीचा, विश्वासाचा चेहरा. प्रत्यक्षात सगळं लिहिलेलं आणि आधीच चित्रित केलेलं नाटक होतं. पण प्रेक्षकांपैकी अनेकांना ते खरं वाटलं आणि बीबीसीकडे फोनची रीघ लागली. पुढे १९९४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डॉक्टरांनी हा कार्यक्रम बघून मानसिक आघाताची लक्षणं दिसू लागलेल्या दहा वर्षांच्या मुलांची नोंद केली. या कार्यक्रमात रक्तपात फारसा नव्हता. त्याचं बळ एकाच गोष्टीत होतं, ती म्हणजे बातमीसारखी मांडणी.

आज मोबाइलवर फिरणारे भुताचे व्हिडिओ नेमक्या याच मांडणीत असतात. हलता कॅमेरा, हिरवट अंधार, धापा टाकत बोलणारा मुलगा आणि वर ‘खरी घटना’ असा मजकूर. सोबत ओळखीच्या घाटाचं नाव. तीच पांढऱ्या साडीतली बाई एकदा एका घाटात, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या घाटात. ‘आहट’ला सुरुवातीला नावांची पाटी होती, शेवटी कलाकारांची यादी होती. शेवटची यादी कुणी वाचत नसे, पण ‘हे कुणीतरी बनवलंय’ एवढं ती न बोलता सांगून जायची. रीलला अशी यादी नसते. आठ-नऊ वर्षांचं मूल, जे मुखवट्याला हसायला लागलेलं असतं, ते इथे सापडतं, कारण ‘खरंच होऊ शकतं’ या भीतीचं त्याचं वय नुकतंच सुरू झालेलं असतं.

नियम काय सांगतात?

नियम आहेत, पण त्यांची पोच अर्धीच आहे. सिनेमासाठी २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’ प्रमाणपत्राचे तीन भाग झाले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. आधी बारा वर्षांखालच्या सगळ्यांसाठी ‘पालकांच्या मार्गदर्शनाखाली’ एवढाच मोघम शिक्का असायचा. ओटीटीला २०२१ च्या नियमांनुसार असंच वयानुसार वर्गीकरण आणि १३+ व त्यावरच्या गटांसाठी पालकांना लॉकची सोय द्यावी लागते. केबल टीव्हीचे १९९४ चे नियम तर स्पष्ट आहेत. मुलं जास्तीत जास्त संख्येनं टीव्ही बघत असतात त्या वेळी त्यांच्यासाठी अयोग्य कार्यक्रम दाखवू नयेत आणि अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम मुळातच दाखवू नये. ‘अंधश्रद्धा पसरवण्याचा हेतू नाही’ या पाटीचं मूळ इथे सापडतं. पण कुणीही आपल्या चॅनेलवर टाकलेल्या तीस सेकंदांच्या व्हिडिओला कुणाचंच प्रमाणपत्र लागत नाही. ‘तुंबाड’ला ‘ए’ प्रमाणपत्र आहे, थिएटरात तुमच्या मुलाला सोडणार नाहीत. त्यातला हस्तर कापून बनवलेली रील मात्र त्याच्यापर्यंत विनातिकीट पोचते.

मूल घाबरलंच तर काय करायचं?

पाच वर्षांच्या मुलाला ‘अरे, ते खोटं असतं’ असं दहा वेळा सांगून उपयोग होत नाही, असं कँटर यांचं काम सांगतं. त्या वयात समजावण्यापेक्षा जवळ घेणं, दिवा लावणं, पाणी देणं, आवडतं पांघरूण हातात देणं जास्त काम करतं. बंद करायचं असेल तर आधी आवाज बंद करा. डोळे मूल स्वतः झाकतं, पण कान झाकायचं त्याला सुचत नाही. सात-आठच्या पुढे मात्र बोलायला हवं. नेमकं काय दिसलं, काय होईल असं वाटतंय, ते कसं बनवलं असेल. खिल्ली उडवली तर मूल सांगायचं बंद करतं, बघायचं नाही. आणि आठवड्यांमागून आठवडे झोप उडाली, शाळेत जायला मूल नकार देऊ लागलं, तर बालरोगतज्ज्ञांशी बोलायला संकोच करू नये.

हल्कचं पुढे काय झालं तेही सांगण्यासारखं आहे. फ्रेड रॉजर्स हे अमेरिकेत मुलांचा कार्यक्रम करायचे. १९७९ मध्ये ते थेट हल्कच्या सेटवर गेले. तो साकारणारे लू फेरिग्नो खुर्चीत बसले आहेत, त्यांच्या चेहऱ्यावर हिरवा रंग चढतोय, डोक्यावर केसांचा टोप बसतोय, हे सगळं त्यांनी मुलांना दाखवलं. जो बदल बघून मुलं किंचाळायची, तोच त्यांनी सावकाश, उजेडात दाखवला.

आपल्याकडे हे कुणी ठरवून केलं नाही, पण आपोआप घडलं. ‘रात्रीस खेळ चाले’चं चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या वाड्यात व्हायचं. मालिका गाजल्यावर लोक तो वाडा बघायला जाऊ लागले. कोल्हापूरहून आंबोली घाट उतरला की तो भाग काही लांब नाही. रात्री साडेदहाला ज्या दाराकडे बघवत नव्हतं, त्याच दारात दुपारच्या उन्हात चपला काढून ठेवलेल्या आणि पोरं आळीपाळीनं अण्णा नाईकांसारखी पोज देऊन फोटो काढतायत.